डीएनए वाचून प्राण्यांची भावकी कशी कळते? सह्याद्रीतल्या बेडकांपासून कावेरीतल्या महाशीरपर्यंत

जांभळट रंग, फुगलेलं गोल अंग, आखूड पाय, बारीक डोळे आणि पुढे आलेलं टोकदार नाक. २००३च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत या बेडकाची माहिती छापून आली, तेव्हा त्याच्या रूपाचीच जास्त चर्चा झाली. पण शास्त्रज्ञांना धक्का बसला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात सापडलेल्या या बेडकाचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक भारतात नव्हतेच. ते होते हिंदी महासागरापलीकडच्या सेशल्स बेटांवर!

एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बोस्युत यांनी या बेडकाला नाव दिलं 'नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस'. नासिका म्हणजे नाक, आणि पुढे आपला सह्याद्री. (नावात सह्याद्री असला तरी हा बेडूक महाराष्ट्रात नाही. तो पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळ-तमिळनाडूकडे आढळतो.) वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखालीच काढतो. पावसाच्या सुरुवातीला जेमतेम दोन आठवडे प्रजननासाठी बाहेर येतो आणि पुन्हा मातीत जातो.

आता प्रश्न असा, की बेडूक पोहून समुद्र ओलांडत नाही. खारं पाणी त्याला मानवतच नाही. मग इडुक्कीच्या बेडकाचे भाऊबंद सेशल्सला कसे? आणि मुळात ते भाऊबंद आहेत हे कळलं कसं?

नक्कल करताना झालेल्या चुका

हे समजून घ्यायला आधी पुण्यात जाऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. देशभरातून हस्तलिखितं गोळा केली गेली आणि ओळीला ओळ लावून ताडून पाहिली गेली. छापखाना नव्हता तेव्हा पोथी हातानं नकलून काढायचे. नकलताना चुका व्हायच्या. कुठे अक्षर बदललं, कुठे ओळ गळली, कुठे जास्तीचा श्लोक घुसला. पुढचा लेखनिक त्या चुकांसकट नक्कल करायचा आणि वर स्वतःच्या दोनचार चुकांची भर घालायचा. त्यामुळे दोन पोथ्यांमध्ये नेमक्या त्याच जागी तीच चूक सापडली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असणार, असं अभ्यासक मानतात. अशा सामायिक चुकांवरून पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

डीएनएचं अगदी असंच आहे. फक्त इथे अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. प्रत्येक पिढीत या मजकुराची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर बदलतं. याला उत्परिवर्तन किंवा म्युटेशन म्हणतात. बहुतेक बदलांनी प्राण्याचं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. ते नुसते पुढच्या पिढीत जात राहतात. एखाद्या प्रजातीच्या दोन टोळ्या डोंगर, नदी किंवा समुद्रामुळे कायमच्या वेगळ्या झाल्या, की दोघींच्या मजकुरात वेगवेगळ्या चुका साठत जातात. जितका काळ जास्त, तितका फरक जास्त.

प्रयोगशाळेत होतं ते थोडक्यात असं. प्राण्याच्या पेशींचा छोटासा नमुना घेतात, त्यातून डीएनए वेगळा काढतात आणि हव्या त्या तुकड्याच्या पीसीआर तंत्रानं लाखो प्रती तयार करतात. (कोव्हिडमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. तंत्र तेच.) मग त्या तुकड्यातली अक्षरं वाचून इतर प्राण्यांच्या त्याच तुकड्याशेजारी मांडतात. पुढची वंशावळ संगणक लावतो, कारण वीसपंचवीस प्राणी असले तरी त्यांची शक्य असलेली झाडं मोजता मोजता माणसाचं आयुष्य जाईल.

पुष्कळदा हा तुकडा मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएमधून घेतला जातो. एका पेशीत त्याच्या भरपूर प्रती असतात, त्यामुळे तो सहज मिळतो. प्राण्यांमध्ये तो पेशीकेंद्रातल्या डीएनएपेक्षा लवकर बदलतो, त्यामुळे जवळच्या नात्यांतला फरकही दिसतो. कॅनडातले शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये यातल्याच एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्राण्यांचा 'बारकोड' म्हणून वापरावा असं सुचवलं. दुकानातल्या वस्तूवर असतो ना, तसाच.

मग समुद्र कोणी ओलांडला?

कोणीच नाही. ओलांडली ती जमीन.

भारत, मादागास्कर आणि सेशल्स हे एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे भाग होते. मादागास्करपासून भारत-सेशल्सचा तुकडा साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि भारत व सेशल्स एकमेकांपासून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. भारत उत्तरेला सरकत आशियाला जाऊन धडकला आणि सेशल्सचे कातळ महासागरात मागे राहिले. या जमिनीवर बसलेले बेडूकही असेच वेगवेगळ्या दिशांना गेले.

जांभळ्या बेडकाचा आणि सेशल्सच्या बेडकांचा वंश सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, असा २००३च्या अभ्यासाचा अंदाज होता. तो कसा काढला? १९६०च्या दशकात एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी मांडलं, की रेणूंमधले बदल बऱ्यापैकी ठरावीक वेगानं साठत असतील तर फरक मोजून काळ काढता येईल. याला 'रेण्वीय घड्याळ' म्हणतात. घड्याळ लावायला मात्र एखादी पक्की वेळ लागते आणि ती जीवाश्मांवरून किंवा भूखंड सरकल्याच्या काळावरून घेतात.

हे घड्याळ एचएमटीचं नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं. वेगवेगळ्या प्राण्यांमध्ये आणि वेगवेगळ्या जनुकांमध्ये त्याचा वेग वेगळा असतो. जांभळ्या बेडकाच्या बाबतीतच नंतरच्या काही अभ्यासांत हा काळ बराच अलीकडचा निघाला. म्हणजे नातं पक्कं, तारीख मात्र पुढेमागे. बातम्यांमध्ये 'इतक्या कोटी वर्षांपूर्वी' असा एकच ठाम आकडा छापला जातो (आम्ही पत्रकार हे हमखास करतो), पण मूळ शोधनिबंधात त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी मोकळीक ठेवलेली असते.

आंबोलीच्या सड्यावरचा वाघ

आता महाराष्ट्रात येऊ. १९६३ साली कोयना परिसरातून एका छोट्या भेकाची नोंद झाली. भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, इंग्रजीत ज्याला टोड म्हणतात तो. त्याला टाकलं 'बुफो' या कुळात, कारण तेव्हा जगभरातले बहुतेक भेक याच एका पोत्यात भरलेले असत. कातडी खडबडीत, पाय आखूड, उडीही बेताची, मग चला बुफो!

डीएनए वाचायला लागल्यावर हे पोतं फाटलं. दिसायला सारखे असलेले भेक एकमेकांचे दूरचे नातेवाईक निघाले. कोयनेचा भेक, आणि त्याच्यासारखाच पण अंगावर पिवळे पट्टे असलेला आंबोलीचा भेक, हे इतर भारतीय भेकांपासून फार पूर्वी वेगळे झालेत असं दिसलं. २००९ मध्ये या दोघांसाठी 'झँथोफ्रिनी' ही नवी प्रजाती-जात मांडण्यात आली, म्हणजे वर्गीकरणाच्या भाषेत नवं जीनस. आंबोलीच्या भेकाचं नाव ठेवलं 'झँथोफ्रिनी टायग्रिना'. पिवळ्या पट्ट्यांमुळे वाघ!

हा वाघ राहतो जांभ्या कातळाच्या सड्यांवर. पहिल्या पावसात कातळावर जी उथळ डबकी साठतात, त्यांत तो अंडी घालतो. पाऊस मध्येच थांबला आणि डबकं आटलं, तर संपलं. आंबोलीभोवतीच्या अगदी लहानशा भागातून त्याची नोंद आहे आणि आययूसीएनच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. तो 'कोयनेच्या भेकाचाच एक रंग' म्हणून राहिला असता, तर आंबोलीतला एखादा सडा खोदला गेल्यावर कागदावर काहीच नुकसान झालं नसतं. कोयनेला आहेतच की, असं म्हणून फाइल बंद झाली असती.

नाव मिळालं की काय होऊ शकतं, याचं उदाहरणही आंबोलीतच आहे. हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

नखावर मावणारे बेडूक

२०१७ मध्ये पश्चिम घाटातून रातबेडकांच्या सात नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातल्या चार इतक्या लहान, की त्यांची लांबी १२ ते १५ मिलिमीटरच्या आसपास. अंगठ्याच्या नखावर सहज बसतील. ते दुर्मीळ नव्हते, त्यांतले काही तर बऱ्यापैकी संख्येनं होते. मग इतकी वर्षं दिसले कसे नाहीत? एक तर ते पाण्यात नाही, ओल्या पाल्यापाचोळ्यात आणि दलदलीच्या गवतात राहतात. त्यांचा आवाज किड्यांसारखा आहे. आणि एवढासा बेडूक पाहिला, की कुणालाही ते पिल्लूच वाटणार.

इथे डीएनए एकटा नव्हता. संशोधकांनी शरीराची मापं घेतली, आवाज ध्वनिमुद्रित केले आणि डीएनएशी ताडून पाहिले. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा नव्या प्रजातीचा दावा भक्कम होतो.

कावेरीतला बिननावाचा मासा

वर्गीकरणातली चूक किती महाग पडते, हे बघायचं तर कावेरीत बघावं. या नदीतला पाठीला कुबड असलेला महाशीर ५० किलोंच्याही वर वाढतो. ब्रिटिश काळापासून गळ टाकून मासे धरणाऱ्यांमध्ये तो जगप्रसिद्ध होता. फक्त त्याला पक्कं शास्त्रीय नाव नव्हतं.

दुसरीकडे आपल्याकडचा महाशीर, टॉर खुद्री. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं आणि 'खुद्री' हे स्थानिक मराठी नावच शास्त्रीय नावात घेतलं. पुढे लोणावळ्याजवळच्या मत्स्यबीज केंद्रात या माशाची पैदास यशस्वी झाली आणि महाशीर वाचवायच्या चांगल्या हेतूनं त्याची पिल्लं देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली. कावेरीतही.

कावेरीत खुद्री वाढला आणि कुबडवाला घटत गेला. गळकऱ्यांच्या नोंदवह्यांमधून हे स्पष्ट दिसत होतं. पण ज्या माशाला नाव नाही त्याला लाल यादीत जागा नाही, आणि यादीत जागा नाही म्हटल्यावर धोका कुणाला आहे हेच कागदावर येत नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीतले मासे मिळवले. शरीररचना आणि डीएनए ताडून पाहिल्यावर ते केरळच्या पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन झालेल्या 'टॉर रेमादेवी' या माशाशी जुळले. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. एकाच नदीतले दोन महाशीर म्हणजे दोन वेगळे मासे आहेत, एकाला वाचवताना सोडलेली पिल्लं दुसऱ्याच्या जिवावर उठू शकतात, हे सांगायला नाव मिळावं लागलं.

डीएनए कुठे फसवतो?

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावरून काढलेली वंशावळ ही आईकडची वंशावळ असते. आफ्रिकेतल्या हत्तींमध्ये याची छान गंमत आहे. गवताळ प्रदेशातले काही हत्ती दिसायला आणि पेशीकेंद्रातल्या डीएनएनं पूर्ण गवताळ प्रदेशाचे, पण मायटोकॉन्ड्रिया मात्र जंगलातल्या हत्तींचा. कधीकाळी जंगलातल्या हत्तिणींचा गवताळ प्रदेशातल्या नरांशी संकर झाला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या तसेच नर येत राहिले, त्याची ही खूण. फक्त मायटोकॉन्ड्रिया वाचून निकाल दिला असता तर तो साफ चुकला असता. दोन्ही प्रकारचा डीएनए आणि शरीररचना पाहून हे दोन वेगळे हत्ती मानले गेले. २०२१ मध्ये आययूसीएननं त्यांचं मूल्यमापन प्रथमच स्वतंत्रपणे केलं, तेव्हा जंगलातला हत्ती 'अतिसंकटग्रस्त' निघाला आणि गवताळ प्रदेशातला 'संकटग्रस्त'.

शिवाय किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, याचा सगळीकडे चालेल असा नियम नाही. एखाद्या गटात दोनतीन टक्के पुरतात, दुसऱ्यात त्याहून जास्त फरक असूनही प्रजाती एकच असते. यावर शास्त्रज्ञांमध्ये जोरदार वाद होतात. केवळ जनुकांतल्या फरकावर भराभर नव्या प्रजाती जाहीर करू नयेत असं म्हणणारे बरेच आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आणि तो जांभळा बेडूक?

चौदा वर्षं त्याच्या कुळात तो एकटाच होता. मग २०१७ मध्ये पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावरून, तमिळनाडूतल्या श्रीविल्लीपुत्तूर भागातून, त्याचा भाऊ जाहीर झाला. दिसायला बराचसा तसाच. पण डीएनए वेगळा, आणि आणखी एक फरक असा की हा नैर्ऋत्य मोसमी पावसात बाहेर येतच नाही. पूर्व उतारावर खरा पाऊस पडतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, दिवाळीच्या आसपास. हा बेडूक त्या पावसाची वाट बघतो. सरीसृप आणि उभयचरांचे अभ्यासक दिवंगत एस. भूपती यांच्या स्मरणार्थ त्याला 'नासिकाबॅट्राकस भूपती' हे नाव दिलं आहे.