चौथा कागद

गावच्या जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिली असेल. हलगी कडाडते, दोन मल्ल भिडतात, आणि एकाची पाठ मातीला लागली की निकाल लागतो. पंचाने विजयी मल्लाचा हात वर करण्याआधीच फडातल्या पोराटोरांनाही तो कळलेला असतो. चितपट म्हणजे चितपट. तिथे हिशेबाला जागा नाही.

आज ज्या खेळाविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, त्यात दर वेळी असे होत नाही. तो खेळ म्हणजे मुष्टियुद्ध, ज्याला आपण सगळे बॉक्सिंग म्हणतो. एक गडी पडला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही, तर प्रश्न मिटला. पण दोघेही शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहिले तर? मग कोण जिंकले हे रिंगणाच्या कडेला बसलेल्या पंचांच्या कागदांवरून ठरते. बहुधा हे पंच तीन असतात आणि कागदही तीन.

मला या खेळाचा नाद आहे. हातांत मोजे चढवून मी कधी उभा राहिलो नाही. राहिलो असतो तर आज बोलायला दात उरले नसते! माझा नाद निराळा. जुन्या गाजलेल्या लढतींच्या चित्रफिती मी पुन्हा पाहतो आणि पंचांसारखाच कागद घेऊन गुण मांडतो. तीन पंचांचे तीन कागद, माझा चौथा. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हा उद्योग कशासाठी करावा, असे घरचेही विचारतात. त्याचे उत्तर आज द्यायचे आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. आजच्या मुष्टियुद्धाचा पाया १८६७ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या नियमांनी घातला. ते लिहिले जॉन ग्रॅहॅम चेंबर्स यांनी, पण ओळखले जातात क्वीन्सबेरीच्या उमरावाच्या नावाने. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विसावा, हातांत मोजे आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद, ही घडी तेव्हा बसली. गुण देण्याच्या रीती पुढे बदलत गेल्या. आज धंदेवाईक लढतींत जी रीत आहे ती सोपी आहे. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. हरणारा त्या फेरीत एकदा खाली पडला, तर बहुधा ८. पंचाने पाहायचे ते इतकेच, की स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे कोणाचे लागले, चढाई कोणाची फळली, रिंगणावर हुकमत कोणाची होती आणि बचाव कोणाचा चांगला होता. ऐकायला सोपे आहे. करून पाहा म्हणजे कळेल.

आता चित्रफितींकडे वळू. सिनेमा आणि मुष्टियुद्ध यांची सोयरीक फार जुनी. १७ मार्च १८९७ रोजी अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या कार्सन सिटी येथे जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची लढत झाली. तिची फीत शंभर मिनिटांहून मोठी होती. जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून पुष्कळ जण तिचेच नाव घेतात. म्हणजे सिनेमा नुकता रांगायला लागला होता, तेव्हाच लोकांच्या हाती एक नवी गोष्ट आली. घडून गेलेली लढत पुन्हा डोळ्यांनी पाहता येऊ लागली. तोवर प्रेक्षकांच्या आठवणी होत्या आणि वर्तमानपत्रांतली वर्णने होती. आता साक्षीदार आला.

आणि साक्षीदार आला की त्याचे तोंड बंद करू पाहणारेही येतात. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॅक जॉन्सन याने जेम्स जेफ्रीजला पंधराव्या फेरीत हरवले. जॉन्सन हा जगज्जेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट. जेफ्रीज हा निवृत्त झालेला गोरा विजेता. गोऱ्यांची पत राखण्यासाठी त्याला परत आणले होते. निकाल लागला आणि अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या, माणसे मेली. या लढतीची फीत दाखवायला कित्येक शहरांनी बंदी केली. १९१२ साली तर मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यासच मनाई करणारा कायदा झाला. तो १९४० पर्यंत टिकला. काळ्या माणसाने गोऱ्याला धूळ चारली हे नाकारता येत नव्हते, तेव्हा ते दिसू नये अशी तजवीज झाली. शिक्षक मित्रांनो, पुराव्याची किंमत मुलांना समजावून सांगायची असेल, तर हे उदाहरण विसरू नका. ज्याची भीती वाटते तेच लोक लपवतात.

हा कायदा चालू असतानाच एक लढत अशी झाली, की तिची फीत आजही लोक हातात घड्याळ धरून पाहतात. २२ सप्टेंबर १९२७, शिकागोचे सोल्जर फील्ड. एक लाखाच्या वर माणसे जमली होती आणि रेडिओला कान लावून बसलेले तर लाखो. एका बाजूला जगज्जेता जीन टनी, दुसऱ्या बाजूला आदल्या वर्षी त्याच्याकडून हरलेला जॅक डेम्प्सी. सातव्या फेरीत डेम्प्सीने ठोशांची सरबत्ती केली आणि टनी खाली बसला. नियम असा होता, की पाडणाऱ्याने लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि मग मोजणी सुरू व्हायची. डेम्प्सी जुन्या वळणाचा. तो तिथेच घुटमळला. रेफरी डेव्ह बॅरी याने त्याला हाताने दूर सारले आणि तो कोपऱ्यात गेल्यावर मोजणी पहिल्यापासून धरली. टनी नवाच्या आकड्याला उठला. पण फीत पाहून हिशेब करणारे सांगतात, की तो जमिनीवर तेरा-चौदा सेकंद होता. पुढच्या फेरीत टनीने डेम्प्सीला पाडले, तेव्हा मात्र मोजणी तत्काळ सुरू झाली! दहा फेऱ्यांनंतर गुणांवर टनी जिंकला.

मी ही फेरी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. प्रथम पाहिली तेव्हा संतापलो. वाटले, डेम्प्सीचे जगज्जेतेपद लुटले! पुन्हा पाहिली तेव्हा टनीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले. त्याची नजर रेफरीवर आहे, तो आकडे ऐकतो आहे. त्याला नवापर्यंत थांबायचा हक्क होता आणि तो त्याने वापरला. मोजणी लवकर सुरू झाली असती, तर तो लवकर उठला असता का? टनी स्वतः म्हणत असे की उठलो असतो. फीत सेकंद मोजून दाखवते; माणसाने काय केले असते ते दाखवत नाही. इतिहासाचीही तीच मर्यादा आहे. मजा अशी, की लोक भांडत राहिले आणि ते दोघे पुढे एकमेकांचे स्नेही झाले.

इथवर घड्याळाचा प्रश्न होता. पुढची लढत दृष्टीची. ६ एप्रिल १९८७, लास वेगास. मार्व्हिन हॅगलर १९७६ नंतर एकही लढत हरला नव्हता आणि १९८० पासून मिडलवेटचा जगज्जेता होता. समोर शुगर रे लेनर्ड, जवळजवळ तीन वर्षे एकही लढत न खेळलेला. बारा फेऱ्या झाल्या, कोणी पडले नाही. पंचांचे तीन कागद असे. एकाने हॅगलरला ११५, लेनर्डला ११३ दिले. दुसऱ्याने नेमके उलट. तिसऱ्याने लेनर्डला ११८ आणि हॅगलरला ११०. मुलांना गणित घालण्यासारखे आहे हे. ११५-११३ म्हणजे सात फेऱ्या एकाच्या, पाच दुसऱ्याच्या. ११८-११० म्हणजे दहा एकाच्या आणि फक्त दोन दुसऱ्याच्या. लढत एकच, दिवे तेच, पाहणारे तिघेही जाणकार. आणि उत्तरे तीन. लेनर्ड जिंकला. हॅगलर पुन्हा कधीच रिंगणात उतरला नाही. २०२१ साली तो वारला. तोवर ही लढत आपणच जिंकली होती, असेच तो म्हणत राहिला.

माझा चौथा कागद काय सांगतो? लाज वाटते, पण सांगतो. पहिल्या खेपेला मी समालोचन ऐकत पाहिले. लेनर्ड सात, हॅगलर पाच. काही महिन्यांनी आवाज बंद करून पाहिले. हॅगलर सात, लेनर्ड पाच! मग ध्यानात आले, की फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात लेनर्ड भराभर ठोसे टाकत होता, लोक ओरडत होते, आणि माझी पेन्सिल त्या ओरडण्याच्या मागे जात होती. आवाज गेला तसे आधीच्या अडीच मिनिटांत हॅगलरने अंगावर मारलेले जड ठोसे दिसू लागले. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा सहा-सहा. तेव्हापासून माझा नियम असा: आवाज बंद, फेरी संपताच आकडा लिहायचा, आणि मागे जाऊन खोडायचा नाही. खोडरबर हा पंचाचा शत्रू.

या छंदाने माझे एक जुने दुखणे उघडे केले. काही वर्षांपूर्वी तपासलेल्या उत्तरपत्रिकांतली एक माझ्या हातून चुकून दुसऱ्या गठ्ठ्यात गेली आणि पुन्हा माझ्यापुढे आली. गुण आतल्या पानावर लिहिलेले होते, ते मी पाहिले नाहीत. पुन्हा तपासली. आधीच्या आणि नंतरच्या गुणांत सातांचा फरक! पहिल्यांदा ती रात्री उशिरा, एका फार चांगल्या उत्तरपत्रिकेनंतर तपासली होती. हॅगलरच्या पंचांना हसणारा मी, स्वतः तसाच पंच निघालो. त्या मुलाला मी जास्तीचे गुण दिले, पण बाकीच्या गठ्ठ्याचे काय, हा प्रश्न मला अजून टोचतो. तुमच्यातल्या प्रत्येक शिक्षकाला तो टोचावा.

पण म्हणून सगळीच मते सारखी, असे कोणी समजू नका. काही निकाल मतभेदाचे नसतात, सरळ चुकीचे असतात. १९८८ साली सोल येथे ऑलिंपिक सामने झाले. ७१ किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा रॉय जोन्स आणि यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन समोरासमोर आले. जोन्स एकोणीस वर्षांचा. तीन फेऱ्या झाल्या. अमेरिकी दूरचित्रवाणीने मोजलेले ठोसे असे: जोन्सचे लागलेले ८६, पार्कचे ३२. पाचांपैकी तीन पंचांनी पार्कला विजयी केले. ही लढत मी कितीदाही पाहिली, आवाज लावून, आवाज बंद करून, तरी माझा कागद बदलत नाही. तिन्ही फेऱ्या जोन्सच्या. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून पारितोषिक मिळाले तेही जोन्सलाच. पुढच्या, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये यंत्राची कळ दाबून गुण देण्याची पद्धत आली. सोलच्या चौकशीत मात्र पंचांच्या भ्रष्टाचाराचा पुरावा मिळाला नाही, असे ऑलिंपिक समितीने १९९७ साली ठरवले. निकाल कायम राहिला. आजही नोंदवहीत सुवर्णपदकापुढे पार्कचेच नाव आहे.

मग चौथ्या कागदाचा उपयोग काय? उपयोग आहे. फीत उरली होती. जगभर माणसे ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली, आपापल्या कागदावर तेच उत्तर लिहीत राहिली. पार्कलाही ते ठाऊक होते. त्याने स्वतः तो निकाल मागितला नव्हता. २०२३ साली, पस्तीस वर्षांनी, तो अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातल्या पेन्साकोला या जोन्सच्या गावी गेला आणि ते सुवर्णपदक त्याने जोन्सच्या हाती ठेवले. समितीने जे केले नाही ते ज्याच्या गळ्यात ते पदक पडले होते त्यानेच केले. नोंदवही बदलली नाही. पण दोन माणसांमधला हिशेब चुकता झाला.

श्रोतेहो, इतिहास म्हणजे दुसऱ्यांनी लावलेले निकाल पाठ करणे, अशी आपल्या मुलांची समजूत होऊन बसली आहे. अमका शूर, तमका फितूर, अमकी लढाई अमक्यामुळे हरली. पंचांचे कागद वाचावेत, जरूर वाचावेत. पण पुरावा शिल्लक असेल तिथे तो स्वतः पाहावा, आरडाओरडा बंद करून पाहावा, आणि आपला कागद लिहावा. तो इतरांशी ताडून पाहावा. चुकला तर कबूल करावे, टिकला तर सोडू नये.

आणि पुढच्या जत्रेत कुस्ती बरोबरीत सुटली, तर घरी येताना शेजाऱ्याशी भांडण्याआधी एवढे विचारा, की तू काय पाहिलेस, आणि कोणत्या बाजूला बसून पाहिलेस?