वेशीजवळचे घर

इतिहासग्रंथांत राजे भेटतात, सेनापती भेटतात, धर्मसुधारकही भेटतात. दुसऱ्याच्या शेतात जन्मभर राबलेला संसारी माणूस मात्र क्वचितच भेटतो. मेनोनाइट पंथाची जुनी नियतकालिके याला अपवाद होत. त्यांच्या मृत्युवार्तांत साध्या शेतमजुरालाही जागा असे. त्याचा जन्म, बाप्तिस्मा व विवाह केव्हा झाला, संसार किती वर्षे चालला, मुले किती व त्यांतील किती आधीच देवाघरी गेली, हे सारे नोंदवून अखेरीस त्याचे वय वर्षे, महिने व दिवस मोजून दिले जाई. अशाच एका मजुराची जीवनवाट आम्ही येथे रेखाटीत आहोत. तो कोणी एक विशिष्ट मनुष्य नव्हे. त्याच्या पिढीतील शेकडो जणांचा तो प्रतिनिधी आहे.

मेनोनाइट हे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. छत्तीसगडातील धमतरी येथे या पंथाचे मिशनरी १८९९ साली आले. पंथाला ज्यांचे नाव लाभले ते मेनो सायमन्स हे मूळचे नेदरलँड्समधील कॅथलिक धर्मगुरू. १५३६ साली त्यांनी आपली ख्रिस्तसभा सोडली. जाणत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा व शस्त्र हाती धरू नये, ही या पंथाची श्रद्धा. त्यापायी त्यांचा अतोनात छळ झाला आणि त्या छळात कॅथलिक सत्ताधीशांचाही हात होता, हे आपण नाकारू नये. १९९८ ते २००३ या काळात उभय पक्षांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून या जखमांविषयी मोकळेपणाने संवाद केला, ही समाधानाची गोष्ट होय.

छळ चुकवीत हे लोक विस्चुला नदीच्या खोऱ्यात गेले व तेथील दलदल आटवून त्यांनी शेती केली. पुढे रशियाच्या सम्राज्ञीने दिलेल्या आमंत्रणामुळे ते आजच्या युक्रेनच्या माळरानावर आले. १८०४ साली तेथे मोलोत्श्ना ही वसाहत उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाला सुमारे १७५ एकर जमीन मिळाली. परंतु ही जमीन वाटून घेण्यास मनाई होती. बापाची शेती एका वारसाकडे जाई. बाकीच्या भावंडांनी काय करावे?

१८२० च्या सुमारास जन्मलेला आमचा मजूर हा अशाच भावंडांपैकी एक. ऐन तारुण्यात बाप्तिस्मा घेऊन त्याने लग्न केले आणि गावाच्या वेशीजवळ लहानसे घर बांधले. भूमिहीनांची वस्ती तेथेच असे. तो दुसऱ्याची जमीन नांगरी, मेंढरे राखी, आणि सुगीत खाचा पाडलेला दगडी रूळ घोड्यांकरवी खळ्यावर फिरवून मळणी करी. बेर्द्यान्स्क बंदरातून गहू परदेशी जाऊ लागला, तशी जमीनमालकांची घरे मोठी होत गेली. याच्या घरात मात्र केवळ माणसे वाढली.

रविवारी उपासनेच्या वेळी मालक व मजूर एकाच छताखाली एकमेकांना बंधू म्हणून हाक मारीत. सोमवारी गावसभा भरे, तेव्हा मताचा अधिकार केवळ जमीनधारकांना असे. १८६० नंतरच्या काही वर्षांत मोलोत्श्नातील जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबे भूमिहीन होती. वसाहतीची राखीव जमीन शिल्लक होती; पण ती धनिकांना खंडाने मिळे. शस्त्राला शिवणार नाही अशी श्रद्धा बाळगणाऱ्या समाजात अन्याय कसा घर करतो, याचे हे उदाहरण आहे. त्यासाठी तलवार लागत नाही, बांध पुरतो.

अखेर भूमिहीनांनी शासनाकडे अर्ज केले. १८६६ साली शासनाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. राखीव जमीन वाटण्याचा मार्ग खुला झाला आणि पुढे त्यांच्यासाठी नव्या वसाहतीही वसल्या. जे काम बंधुभावाने करावयाचे, ते सरकारी हुकमाने झाले, ही या कथेतील बोचणारी गोष्ट होय.

एवढ्यात सक्तीच्या लष्करी सेवेचे सावट आले. १८७४ पासून सुमारे १७,००० मेनोनाइट अमेरिका व कॅनडाकडे निघाले. आमचा मजूर पन्नाशी ओलांडून बायकामुलांसह कॅनडातील मॅनिटोबास गेला. पहिला हिवाळा अर्धे जमिनीत खणलेल्या, गवताने शाकारलेल्या घरात काढला. १८७५ साली टोळधाडीने पीक खाल्ले. तेव्हा कॅनडा सरकारने सुमारे ९६,००० डॉलरचे कर्ज दिले. त्या कर्जाला हमी राहिले ते ऑन्टारियोतील मेनोनाइट शेतकरी. या नवागतांशी त्यांची ओळख नव्हती, बोली वेगळी होती, पूर्वजांच्या वाटाही वेगळ्या होत्या. तरीही परक्यांच्या ऋणासाठी त्यांनी स्वतःची शेतीवाडी जोखमीत घातली. जुन्या गावात शेजाऱ्याने जे नाकारले, ते येथे अनोळखी माणसाने दिले.

नियमानुसार मिळालेली १६० एकर जमीन उतारवयात त्याच्या नावावर झाली. ती त्याने मुलांसह नांगरली. ऐंशीच्या घरात तो निवर्तला, तेव्हा त्याच्या मृत्युवार्तेत एकरांचा उल्लेख नव्हता. नातवंडांची संख्या होती, सहजीवनाची वर्षे होती आणि आयुष्याचा दिवसांपर्यंतचा हिशोब होता.

आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतही अशीच साधी नावे ओळीने लिहिलेली आहेत. मृत्यूनंतर माणसाचा एकेक दिवस मोजणाऱ्या समाजाने जिवंतपणी त्याचे मत मोजले नव्हते. आपल्या वेशीजवळ आज कोणाचे घर आहे, याचा विचार वाचकांनी करावा, एवढीच आमची विनंती.