सत्याविषयीचा अवस्फीतिवाद

एखादे विधान सत्य आहे असे म्हणणे आणि ते विधान नुसतेच करणे, यांत आशयाच्या दृष्टीने काही भर पडत नाही, या विचाराभोवती उभ्या राहिलेल्या मतांना एकत्रितपणे सत्याविषयीचा अवस्फीतिवाद असे म्हणतात. इंग्रजीत हे मत डिफ्लेशनिझम या नावाने ओळखले जाते. फुगवलेल्या कल्पनेतील हवा काढून घेणे असा या नावाचा आशय असून अर्थशास्त्रातील चलनघटीशी त्याचा संबंध नाही.

सत्य म्हणजे वस्तुस्थितीशी अनुरूपता, अन्य विधानांशी सुसंगती, की व्यवहारातील सफलता, असा वाद पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात दीर्घकाळ चालला. अवस्फीतिवाद्यांच्या मते हा प्रश्नच चुकीच्या अपेक्षेतून निर्माण होतो. ‘चाकण खेड तालुक्यात आहे’ हे विधान का सत्य आहे, याचे उत्तर महसुली हद्दी देतात. ‘सात ही मूळ संख्या आहे’ हे का सत्य आहे, याचे उत्तर गणित देते. या दोहोंच्या मागे ‘सत्यता’ नावाचा आणखी एखादा समान धर्म शोधण्याचे प्रयोजन उरत नाही.

उगम

गोट्लोप फ्रेग यांनी १९१८ मधील निबंधात, विचाराला ‘सत्य’ हे विधेय जोडल्याने त्यात नवे काही येत नाही, असे निरीक्षण नोंदवले. मात्र ते स्वतः सत्याला अव्याख्येय व मूलभूत मानत. त्यांना अवस्फीतिवादी म्हणणे योग्य नव्हे. फ्रँक रॅम्झी यांनी १९२७ मध्ये हाच धागा पुढे नेला आणि ए. जे. एअर यांनी १९३६ मध्ये त्याला ठाशीव रूप दिले. आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३३ मध्ये सत्याच्या व्याख्येसाठी एक कसोटी मांडली : ‘चाकण खेड तालुक्यात आहे’ हे वाक्य सत्य आहे, जर आणि केवळ जर चाकण खेड तालुक्यात आहे. या नमुन्याची सर्व वाक्ये व्याख्येतून निष्पन्न झाली पाहिजेत. टार्स्की यांना ही केवळ कसोटी वाटत होती. पॉल हॉर्विच यांनी १९९० च्या ‘ट्रुथ’ या ग्रंथात विधानांबाबतची अशीच सूत्रे म्हणजे सत्यासंबंधीचा संपूर्ण सिद्धान्त होय, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मताला अल्पतमवाद म्हणतात.

सामान्यीकरणाचे साधन

‘सत्य’ हा शब्द काहीच भर घालत नसेल, तर तो भाषेत टिकला कसा? डब्ल्यू. व्ही. क्वाइन यांनी १९७० मध्ये दिलेले उत्तर या मताचा सर्वांत भक्कम आधार ठरले आहे. भोसरी किंवा चाकण येथील सुट्या भागांच्या एखाद्या कारखान्याची कल्पना करावी. तपासनीस एका शाफ्टचा व्यास २५.०० मिलिमीटर असल्याचे नोंदवतो. ही नोंद मान्य असणाऱ्याला ‘सत्य’ शब्दाची गरज नाही. तो तेच वाक्य पुन्हा उच्चारू शकतो. परंतु नोंदवहीत चारशे नोंदी असतील आणि व्यवस्थापकाने त्या वाचलेल्याच नसतील, तर त्याला ‘या वहीतील प्रत्येक नोंद सत्य आहे’ असेच म्हणावे लागते. येथे ‘सत्य’ हा शब्द चारशे वाक्यांची जागा घेतो. तो काढून टाकता येत नाही, पण शाफ्टसंबंधी तो नवे काही सांगतही नाही.

डोरोथी ग्रोव्हर, जोसेफ कँप व न्यूएल बेलनॅप यांनी १९७५ मध्ये ‘ते सत्य आहे’ ही उक्ती सर्वनामासारखी चालते, असे मांडले : सर्वनाम नामाची जागा घेते, तशी ही उक्ती वाक्याची. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘तुम्ही म्हणता तसेच आहे’ यात ‘तसेच’ हे पद समोरच्याचे संपूर्ण वाक्य उचलते आणि ‘सत्य’ या विधेयाशिवाय संमती देते. पीटर स्ट्रॉसन यांनी १९४९ मध्ये ‘सत्य’ या शब्दाच्या वापरात वर्णनापेक्षा अशा संमतीच्या कृतीवर भर दिला होता. संभाषणात मान डोलावत म्हटलेले ‘खरे आहे’ त्यांच्या मताशी जुळते. ‘खरे सोने’ यातील ‘खरे’ मात्र अस्सलपणाचे वाचक असल्याने या चर्चेबाहेरचे आहे.

आक्षेप

सर्वांत गंभीर आक्षेप सत्याच्या आदर्शत्वासंबंधी आहे. मायकेल डमेट यांनी १९५९ मध्ये खेळाचा दृष्टान्त दिला : कोणती स्थिती म्हणजे जिंकणे, एवढेच सांगितले आणि खेळणारा जिंकण्यासाठीच खेळतो हे सांगितले नाही, तर खेळाचे वर्णन अपुरे राहते. त्याचप्रमाणे सत्य बोलणे हे विधान करण्याचे प्रयोजनच आहे, हे समतुल्यतेच्या सूत्रांत येत नाही.

वरील उदाहरणात दोन तपासनीसांनी प्रामाणिकपणे, योग्य रीतीने मायक्रोमीटर वापरून एकाच जागी २५.०० व २५.०४ अशी मापे घेतली असे समजू. दोघांपाशीही पुरेसा आधार आहे. तरीही ‘तुझे तुझ्याजवळ, माझे माझ्याजवळ’ म्हणून ते थांबत नाहीत. कोणाचे तरी चुकले आहे असे धरून उपकरणाचा शून्यदोष शोधू लागतात. ह्यू प्राइस यांच्या मते प्रामाणिकपणा व समर्थन यांपलीकडचा सत्याचा निकष नसता, तर असा मतभेद निर्माणच झाला नसता. क्रिस्पिन राइट यांनीही १९९२ मध्ये, समर्थन व सत्य हे निकष परस्परांपासून दुरावू शकतात हे खुद्द समतुल्यतेच्या सूत्रावरूनच सिद्ध होते, असा युक्तिवाद केला. यावर अवस्फीतिवादी म्हणतात की वाद शाफ्टच्या व्यासाचा आहे, सत्याचा नव्हे. एका शाफ्टला एकाच जागी दोन व्यास असू शकत नाहीत, एवढे पुरे. हे उत्तर मतभेदाचा विषय सांगते. चूक टाळणे ही बांधिलकी कोठून येते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होत नाही.

अनिल गुप्ता यांनी १९९३ मध्ये सामान्यीकरणाच्या दाव्यावरच बोट ठेवले. एकेक सूत्र स्वीकारल्याने ‘सर्व’ या शब्दाने सुरू होणारे निष्कर्ष आपोआप हाती लागत नाहीत. शिवाय ‘हे वाक्य असत्य आहे’ यांसारख्या वाक्यांना समतुल्यतेचे सूत्र लावताच विरोधाभास उद्भवतो. म्हणून हॉर्विच यांना अशी उदाहरणे वगळावी लागतात.

भारतीय प्रामाण्यविचाराशी तुलना

मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद हा अवस्फीतिवादाचा पूर्वावतार होय, असे समीकरण मोहक असले तरी सदोष आहे. ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाच्याच सामग्रीतून कळते की अन्य पुराव्याने, हा मीमांसक व नैयायिक यांच्यातील वाद आहे. ‘सत्य’ या शब्दाचे कार्य हा त्याचा विषय नाही. सूत्ररूपाच्या दृष्टीने न्यायातील यथार्थज्ञानाचे लक्षण अधिक जवळचे वाटते : ज्या वस्तूत जो धर्म आहे, तिच्या ठायी तोच धर्म दाखवणारे ज्ञान म्हणजे प्रमा. या लक्षणात प्रमेय बदलले की धर्मही बदलतो. परंतु येथे सत्यता ज्ञानाची आहे, वाक्याची नव्हे, आणि तो धर्म वस्तूत खरोखर असणे नैयायिकांना अभिप्रेत आहे. गंगेशांच्या ‘तत्त्वचिंतामणी’तील प्रामाण्यवादावर जितेंद्रनाथ मोहंती यांचा इंग्रजी ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.