घरून मेडिकल कोडिंग : 'हो' म्हणण्याआधी काय तपासाल?

बीएस्सी, बी. फार्म, नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस करून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नोकरी शोधणाऱ्या मुला-मुलींकडून 'मेडिकल कोडिंग' हे नाव वारंवार ऐकू येते. कारण साधे आहे. या कामाला कन्नड लागत नाही, मराठीही लागत नाही. लागते ती डॉक्टरांच्या कागदावरची इंग्रजी. शिवाय काम कॉम्प्युटरवर होत असल्याने ते घरून करता येते, म्हणजे बंगळूर किंवा हैदराबाद गाठायची गरज नाही. पण 'घरून करता येते' आणि 'पहिल्या दिवसापासून घरून करावे' यात बराच फरक आहे. निर्णय घेण्याआधी काम, खर्च आणि अटी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

काम नेमके काय असते?

भारतातून होणारे बहुतेक मेडिकल कोडिंग अमेरिकेतील दवाखान्यांसाठी असते. तिथे डॉक्टर रुग्णाला तपासून नोंद लिहितात. त्या नोंदीला 'चार्ट' म्हणतात. कोडर तो चार्ट वाचतो आणि आजाराला एक व उपचाराला दुसरा असे ठरलेले कोड देतो. त्या कोडवर विमा कंपनी पैसे देते. कोड चुकला तर क्लेम परत येतो, किंवा जास्तीचे पैसे घेतल्याचा ठपका दवाखान्यावर येतो.

आजारासाठी आयसीडी-१०-सीएम ही पद्धत वापरतात. अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. तिचे कोड तीन ते सात अक्षर-अंकांचे असतात. डॉक्टरांच्या सेवेसाठी सीपीटी कोड असतात. ते पाच अंकी असून अमेरिकन मेडिकल असोसिएशन ते प्रसिद्ध करते. औषधे, उपकरणे, रुग्णवाहिका यांसाठी एचसीपीसीएस ही तिसरी यादी आहे. आयसीडीचे नवे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे १ जानेवारीला लागू होतात. म्हणजे एकदा शिकून भागत नाही, दरवर्षी वाचावे लागते.

एक उदाहरण घेऊ. चार्टमध्ये टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तिसऱ्या टप्प्याचा जुना किडनीविकार अशी तीन निदाने आहेत. नवखा कोडर मधुमेहाला ई११.९ आणि रक्तदाबाला आय१० देऊन मोकळा होतो. नियम वेगळे सांगतो. डॉक्टरांनी संबंध नसल्याचे स्पष्ट लिहिले नसेल, तर किडनीविकाराचा मधुमेहाशी आणि रक्तदाबाशी संबंध आहे असे धरायचे. त्यामुळे ई११.२२, आय१२.९ आणि एन१८.३० असे कोड येतात.

दुसरा नियम 'शक्यता' या शब्दाचा. ओपीडीच्या चार्टमध्ये 'न्यूमोनियाची शक्यता' लिहिले असेल तर न्यूमोनियाचा कोड द्यायचा नाही. खोकला, ताप या लक्षणांचा द्यायचा. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी तेच शब्द असतील, तर रुग्णालयाच्या बिलासाठी न्यूमोनियाचाच कोड देता येतो. कागदावर शब्द तेच, उत्तर वेगळे. असे शेकडो बारकावे आहेत आणि ते हातात बसायला कुणीतरी चूक दाखवणारे लागते.

कोडिंग आणि कॉलिंग एक नव्हे

जाहिरातीत दोन्ही एकाच नावाखाली येतात म्हणून गल्लत होते. अमेरिकन विमा कंपनीला फोन करून अडकलेल्या बिलाची चौकशी करणे हे 'एआर कॉलिंग'. ते तिथल्या वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे असते. कोडिंगमध्ये कुणाशी बोलायचे नसते, त्यामुळे ते बहुधा दिवसा चालते. मुलाखतीतच विचारावे : पद कोडरचे आहे की कॉलरचे? शिफ्ट कोणती? नियुक्तिपत्रात काय लिहिणार?

घर विरुद्ध शहर : पैशाचा हिशोब

समजा, शहरातल्या ऑफिसची नोकरी हातात १८,००० रुपये देते. त्यातून खोलीचा वाटा ५,०००, मेस ३,५००, येणे-जाणे १,००० आणि गावी येण्याचा महिन्याचा सरासरी खर्च १,००० गेला, तर ७,५०० रुपये उरतात.

आता समजा, घरून कामाचा पगार १६,००० आहे. इंटरनेट ९००, वाढीव वीजबिल ६००, आणि टेबल-खुर्ची, इन्व्हर्टर यांसाठी घातलेले ३०,००० रुपये दोन वर्षांत विभागले तर महिन्याला १,२५०. एकूण खर्च २,७५० आणि शिल्लक १३,२५०. म्हणजे पगार कमी असूनही महिन्याला ५,७५० रुपये जास्त उरतात, वर्षाचे ६९,०००. घरच्या जेवणाचा खर्च यात धरलेला नाही, तो धरला तर फरक थोडा कमी होईल. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

या हिशोबावर घरचे लोक लगेच 'घरूनच कर' म्हणतात आणि त्यात चूक काहीच नाही. कुणाची आई आजारी असते, कुणाचे मूल लहान असते, मुलीला एकटीने परगावी पाठवायला घर तयार नसते. पण या बेरजेत एक रकाना येत नाही, तो म्हणजे शिकण्याचा.

पहिले वर्ष महत्त्वाचे का?

कंपन्या साधारण ९५ टक्के अचूकता मागतात. त्यासोबत तासाला किती चार्ट, याचे टार्गेट असते. ते विभागानुसार बदलते. एक्स-रेचा चार्ट पटकन होतो, दाखल रुग्णाच्या चार्टला बराच वेळ लागतो. ऑडिटर काही चार्ट पुन्हा तपासतो आणि टक्का काढतो.

ऑफिसमध्ये नवख्या कोडरला शंका आली तर शेजारचा सिनियर स्क्रीनकडे बघून अर्ध्या मिनिटात सांगतो. घरी तीच शंका चॅटवर टाकून उत्तराची वाट पाहावी लागते. तोवर तासाचे टार्गेट मागे पडते, मग अंदाजाने कोड दिला जातो आणि ऑडिटमध्ये टक्का घसरतो. दोन-तीन महिने असे गेले की नोकरीवरच येते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. अडलेला मुलगा स्क्रीनचा फोटो काढून मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'याला कोणता कोड?' असे विचारतो. त्या फोटोत रुग्णाचे नाव, जन्मतारीख असते. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याची जबाबदारी दवाखान्यावर आणि त्याचे काम घेणाऱ्या कंपनीवरही आहे. असा एक फोटो नोकरी घालवायला पुरेसा आहे, आणि पुढची कंपनी आधीच्या नोकरीची चौकशी करते.

त्यामुळे अनेक कंपन्या अनुभवी कोडरला घरून काम देतात आणि फ्रेशरला आधी ऑफिसात बोलावतात. ज्याला शक्य आहे त्याने वर्षभर शहरात राहून हात बसवावा आणि मग घरून काम मागावे, हा मार्ग जास्त भरवशाचा. ज्याला शक्यच नाही त्याने कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : प्रशिक्षण किती आठवड्यांचे, त्या काळात पगार किती, आणि कामाच्या वेळेत शंका विचारायला ठरलेला माणूस कोण.

घर या कामाला तयार आहे का?

कंपनीच्या अटीत बहुधा दार बंद होणारी खोली असते. स्क्रीन घरच्यांना दिसता कामा नये. काही ठिकाणी कामाच्या वेळी मोबाईल बाहेर ठेवायला सांगतात, कॅमेरा चालू ठेवायला लावतात. दोन खोल्यांच्या घरात, पाहुण्यांची ये-जा असताना हे जमते का, ते घरच्यांना एकत्र बसवून आधीच बोलून घ्यावे. मुलगी किंवा सून घरात आहे म्हणजे ती मोकळी आहे, हा समज असेल तर काम टिकत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा आणि नेटचा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात मुसळधार पावसात वीज गेली तर मागे किती तासांचा बॅकअप आहे? ब्रॉडबँड बंद पडले तर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड चालते का? वीज गेलेल्या तासांचे टार्गेट कंपनी कमी करते की सुट्टी धरते, हे विचारून ठेवावे. कॉम्प्युटर कंपनी देणार की स्वतःचा लागणार, बिघडला तर दुरुस्ती कोणाची, हेही.

सर्टिफिकेट आणि क्लास

एएपीसी या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा सर्वात परिचित आहे. १०० प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. परीक्षेत मान्य कोड-पुस्तके जवळ ठेवता येतात. अनुभव नसलेल्याला सीपीसी-ए, म्हणजे शिकाऊ दर्जा मिळतो. दोन वर्षांचा अनुभव दाखवला की तो 'ए' निघतो. सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांनी ३६ शैक्षणिक गुण मिळवावे लागतात आणि सभासद शुल्क भरत राहावे लागते. अहिमा या दुसऱ्या संस्थेच्या सीसीए आणि सीसीएस परीक्षाही चालतात.

परीक्षेला बसण्यासाठी अमुकच क्लास केला पाहिजे अशी सक्ती नाही. क्लास उपयोगी पडतो, पण '१०० टक्के नोकरी' या शब्दावर पैसे भरू नयेत. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांना भेटून ते सध्या कुठे, कोणत्या पदावर आहेत ते विचारावे. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा क्लास किंवा कंपनी असेल तर तिथून परत फिरावे.

फसवणूक आणि करार

'घरबसल्या कोडिंग, शिक्षणाची अट नाही' म्हणत नोंदणी फी मागणारे लोक आहेत. ते आधी ऑनलाइन करारावर सही घेतात, मग 'काम अपुरे' म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालून आणखी पैसे मागतात. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

नोकरी पगारी आहे की कंत्राटी, हेही बघावे. पगारी नोकरीत पीएफसाठी कर्मचाऱ्याच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापले जातात आणि कंपनीही तेवढाच वाटा घालते. कंत्राटात चार्टमागे पैसे मिळतात, टीडीएस कापून येतात, पीएफ नसतो आणि काम कमी झाले तर पैसेही कमी. दोन्हीकडे आकडा सारखा दिसला तरी किंमत सारखी नाही.

पुढे काय?

एक्स-रे, पॅथॉलॉजीसारखे ठराविक चार्ट आता सॉफ्टवेअरही कोड करते. माणसाकडे ते तपासण्याचे, अवघड चार्टचे आणि परत आलेले क्लेम सोडवण्याचे काम उरते. म्हणून एकाच सोप्या विभागात पाच वर्षे घरी बसून काढणाऱ्याला पुढे अडचण येऊ शकते. दरवर्षी एखादा नवा विभाग शिकायला मिळेल का, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा.

घरून काम घ्यायचे तर अनुभव, बंद खोली, वीज-नेटचा बॅकअप, शंका विचारायला माणूस आणि नियुक्तिपत्र या पाचही गोष्टी हाताशी असाव्यात. एखादी कमी असेल तर ती आधी मिळवावी. पहिल्या दोन नसतील, तर एक वर्ष शहरात काढणे महाग वाटले तरी परवडते.