भक्ती म्हणजे वाटा

जयंतीच्या मीटिंगला आमच्यातला एक पोरगा उठला नि म्हणाला, 'आपण बाबासाहेबांचे भक्त!' टाळ्या पडल्या. मला तो शब्द खुपला. म्हणून त्याचं मूळ हुडकत बसलो.

'भज्' हा संस्कृत धातू. अर्थ वाटणं, वाटा देणं, वाटा घेणं. भाग, विभाग, शाळेतला भागाकार, भाज्य, भाजक, सगळे ह्याच घरातले. भाऊ विभक्त झाले म्हणतो, त्यातही 'भक्त' आहेच. भक्त म्हणजे वाटून दिलेलं, शिजवलेलं अन्नसुद्धा. पालीत त्याचं 'भत्त' झालं, आपल्या ताटात 'भात'.

पाणिनीच्या व्याकरणात भक्ती म्हणजे ओढ, आवड. ती देवाची तशी खिरीचीही. खिरीवर जीव असणाऱ्याला टीकाकार 'पायसिक' म्हणतात!

पुढं वाटा मागं पडला, शरणागती आली. गीतेनं शूद्रांना, बायांना भक्तीचं दार उघडलं खरं. पण अठरावा अध्याय सांगतो, ज्यानं त्यानं आपापलं नेमलेलं कर्म करावं, तीच देवाची पूजा. म्हणजे भक्ती करा, पण हातातला झाडू सोडू नका.

वारकऱ्यांनी वाळवंटात सगळ्यांना भेटवलं. पण चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना त्याखालीच गाडला गेला. त्याची समाधी पंढरीच्या देवळाबाहेर, पायरीपाशी. देवळाचं दार आपल्याला उघडायला १९४७ साल उजाडलं.

बाबासाहेबांनी संतांना झिडकारलं नाही. 'द अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास नि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. पण १९३७ साली गांधींना उत्तर देताना त्यांनी स्पष्ट बजावलं होतं : संत बोलले ते देवापुढच्या समतेचं, माणसामाणसातल्या समतेचं नव्हे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं, की धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेलही, राजकारणात ती अधःपाताकडं आणि हुकूमशाहीकडं नेते.

ह्या इशाऱ्यातून त्यांनी स्वतःला वगळलेलं नाही. दोस्तांनो, फोटोला हार घाला, माझी ना नाही. पण त्यांची पुस्तकं उघडा, वाचा, शंका विचारा, भांडा. जमिनीत, नोकरीत, सत्तेत आपला वाटा मागा. एवढं करूनही कुणाला भक्त म्हणवून घ्यायचंच असेल, तर त्यानं जुन्या अर्थानं म्हणवावं. भक्त म्हणजे वाटेकरी.