आभारांवाचून निवारा

पदव्युत्तर वर्गात वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) शिकवताना अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : गणपतराव बेलवलकर वृद्धाश्रमात का गेले नाहीत? प्रश्न भाबडा वाटतो, पण तो हसण्यावारी नेता येत नाही. नाटकात गणपतराव उपाशी नाहीत. मुलाच्या आणि मुलीच्या घरी त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळचे जेवण आहे. सर्वस्व वाटून टाकलेल्या या माणसाला तिथे उपकृत म्हणून राहावे लागते, आणि ते त्याला सोसत नाही. मग उपकाराचे ओझे नसलेला निवारा कधी कुणी उभारला आहे काय? या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्ही मिलान शहरातील एका घरापाशी येऊन थांबलो.

युरोपात वृद्धांना व निर्धनांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. मात्र त्या आसऱ्याचे मोल बहुधा कृतज्ञतेत मोजले जाई. याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे गरजू कॅथलिकांसाठी 'फुगराय' ही वसाहत स्थापन केली. ती आजही नांदती आहे. एका घराचे वर्षाचे मूळ भाडे एक युरोदेखील भरत नाही. परंतु भाड्याला जोडून आणखी एक अट आहे : रहिवाशाने संस्थापक आणि त्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला छप्पर, असा हा सरळ व्यवहार. त्यात क्रौर्य नाही. पण ऋणाची आठवण रोजच्या दिनक्रमातच गुंफलेली आहे.

या पार्श्वभूमीवर संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी (१८१३-१९०१) यांनी उभारलेल्या घराचे वेगळेपण जाणवते. व्हेर्दींची दोन्ही अपत्ये तान्ह्या वयात गेली. पाठोपाठ १८४० मध्ये पहिली पत्नीही गेली. पुढे ऑपेराने त्यांना कीर्ती आणि संपत्ती दिली. ज्यांच्या कंठांतून आणि वाद्यांतून आपले संगीत लोकांपर्यंत पोचले, त्यांतील अनेकांच्या वाट्याला म्हातारपणी दारिद्र्य येते, हे त्यांनी पाहिले होते. निवृत्त आणि निर्धन संगीतकारांसाठी घर बांधण्याकरिता त्यांनी मिलानमध्ये जागा घेतली. वास्तुरचना कामिल्लो बोइतो यांची. 'ओतेल्लो' आणि 'फाल्स्ताफ' या व्हेर्दींच्या ऑपेरांची संहिता लिहिणारे आर्रिगो बोइतो हे त्यांचे धाकटे बंधू. १८९९ मध्ये घर बांधून पूर्ण झाले. आपल्या साऱ्या कृतींमध्ये ही सर्वांत आवडती, असे व्हेर्दींनी एका शिल्पकार मित्राला कळवले होते.

आणि तरीही घर बंदच राहिले. आपण हयात असेतो तिथे कुणी राहायला येऊ नये, अशी व्हेर्दींची इच्छा होती. कुणी आभार मानायला समोर उभे राहिलेले त्यांना नको होते. २७ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. पुढील महिन्यात त्यांचे आणि द्वितीय पत्नी, गायिका जुझेप्पिना स्त्रेप्पोनी यांचे अवशेष या घराच्या आवारात आणले गेले. १० ऑक्टोबर १९०२ रोजी, व्हेर्दींच्या जन्मदिनी, पहिले रहिवासी आत आले. आपल्या ऑपेरांचे स्वामित्वधन व्हेर्दींनी या घराच्या नावे केले होते. १९६०च्या दशकाच्या आरंभी हक्कांची मुदत संपेपर्यंत त्या उत्पन्नाचा घराला आधार राहिला. इथे राहणाऱ्यांना 'आश्रित' न म्हणता 'पाहुणे' म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता असे सांगतात. पाहुण्याने यजमानाचे पाय धरायचे नसतात, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

या घराचे चित्र निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. दार उघडे होते ते केवळ संगीत हाच ज्यांचा पेशा होता त्यांना. पडदे ओढणाऱ्याला वा रंगमंच झाडणाऱ्याला ते लागू नव्हते. शिवाय दात्याची समाधी आवारातच असल्याने त्याचा विसर पडणेही अवघडच.

पण तिथला दिनक्रम पाहिला की शुश्रूषा या शब्दाचा अर्थ विस्तारतो. जेवण आणि औषधपाणी यांच्या जोडीला पियानो आहेत, सरावाच्या खोल्या आहेत, मैफली आहेत. स्विस दिग्दर्शक डानिएल श्मिड यांनी १९८४ मध्ये या घरावर 'तोस्काचे चुंबन' हा अनुबोधपट केला. त्यात सारा स्कुदेरी ही एकेकाळची ख्यातनाम गायिका घरातल्याच एका सोबत्याबरोबर पुच्चीनीच्या 'तोस्का'तील प्रसंग वठवते. वय विसरून नव्हे, वयासकट. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थच 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. म्हाताऱ्या कलावंताला पथ्याइतकीच गरज असते ती त्याचा स्वर ओळखणाऱ्या कानाची. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून या घरात संगीताचे तरुण विद्यार्थीही राहू लागले. शेजारच्या खोलीत कुणी चुकला तर सांगणारे आणि सांगितलेले ऐकणारे, दोघेही आता एकाच छपराखाली आहेत.

इथे आम्हांला पुन्हा 'नटसम्राट' आठवते. पोटच्या मुलांनी जे दिले नाही ते गणपतरावांना अखेर कुणी दिले? बूटपॉलिश करणाऱ्या राजाने. त्याच्यापाशी घर नव्हते. होती ती जागा त्याने दिली, आणि तो त्यांचे बोलणे ऐकत राहिला. मोबदल्यात त्याने काही मागितले नाही. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला आता आमचे उत्तर असे : गणपतराव वृद्धाश्रमातही गेले असते. तिथे त्यांना कुणी पाहुणे म्हणाले असते काय, आणि त्यांचे स्वगत ऐकायला कुणी थांबले असते काय, एवढेच आधी विचारायला हवे.