दर्याची मोजदाद

कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी समाज नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करतो आणि मगच होड्या पाण्यात लोटतो. पावसाळ्यातील खवळलेल्या दर्यात जाणे जिवावर बेतणारे असे, यातून ही प्रथा रूढ झाली असावी. परंतु पुष्कळ जातींची मासळी याच महिन्यांत अंडी घालते, आणि त्यामुळे कोळ्यांची विश्रांती मासळीच्या वंशवृद्धीला उपकारक ठरली. कायद्याचे कलम नसतानाही पाळला गेलेला हा मासेमारीचा नियम होय. ‘केव्हा मारू नये’ याचे उत्तर तो देत होता. ‘किती मारावे’ हा प्रश्न त्या काळी उद्भवलाच नव्हता.

तो उद्भवला युरोपात, वाफेच्या नौका समुद्राचा तळ खरवडू लागल्या तेव्हा. १८८३ साली लंडनमध्ये मासेमारीचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे टॉमस हक्सले या विख्यात जीवशास्त्रज्ञाने असे मत मांडले की, त्या वेळच्या साधनांचा विचार करता कॉड, हेरिंग यांसारख्या मासळीचे साठे अक्षय आहेत. विधानातील अट लोक विसरले, निष्कर्ष तेवढा लक्षात राहिला. आणि साधने मात्र वर्षागणिक बदलत गेली. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातील मासेमारी बरीच थंडावली. युद्ध संपल्यावर जाळी टाकली, तेव्हा ती पूर्वीपेक्षा भरभरून वर आली. मासेमारीने साठा घटतो आणि विसाव्याने तो भरून येतो, याचा एवढा मोठा पुरावा कोणी मुद्दाम मिळवू म्हटले तरी मिळाला नसता.

१९१८ साली रशियातील फ्योदर बारानोव यांनी या व्यवहाराला गणिताचे रूप दिले. पुढे इंग्लंडमधील लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेतील रे बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि या शास्त्राचा पाया पक्का झाला. त्यातील मर्म साध्या हिशेबाने समजते. समजा, एका हंगामातील १००० मासे एक वर्षाचे झाले आहेत, आणि जाळे न लावताही दरवर्षी त्यांतील निम्मे मरतात. पहिल्या वर्षी एका माशाचे वजन ५० ग्रॅम, दुसऱ्या वर्षी २०० आणि तिसऱ्या वर्षी ३०० ग्रॅम धरले, तर सगळे मासे पहिल्याच वर्षी पकडून ५० किलो मासळी मिळेल. दुसऱ्या वर्षी ५०० माशांची १०० किलो. आणि तिसऱ्या वर्षी २५० माशांची ७५ किलो. घाई केली तर वाढ बुडते, फार थांबले तर मृत्यूच वाटा नेतो. जाळ्याचा आस केवढा असावा, हा वाद अशा रीतीने अंकांच्या आधारे सोडवता येऊ लागला.

संगणक आल्यावर हेच गणित अनेक पिढ्यांवर आणि अनेक नियमांखाली मांडणे शक्य झाले. दोन महिन्यांची बंदी घातली तर काय होईल, पकडीला वार्षिक मर्यादा लावली तर काय, लहान मासा पकडण्यास मनाई केली तर काय, या प्रत्येक पर्यायात वीस वर्षांनंतर साठा किती उरेल, हे आज्ञावली मांडून दाखवते.

मात्र अंकांवर विसंबण्याची किंमत कॅनडाने मोजली. न्यूफाउंडलंडजवळील कॉडच्या साठ्याचे अनुमान मोठ्या नौकांच्या पकडीवर बरेच अवलंबून होते. उरलेली मासळी एकवटून राहत होती आणि नौका तिला शोधून काढीत होत्या. म्हणून साठा आटत असतानाही पकड चांगली दिसत राहिली. १९९२ साली मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचे चरितार्थाचे साधन गेले. ती बंदी उठण्यास २०२४ साल उजाडले.

यातून शास्त्रज्ञांनी प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. मोजणी अचूक आहे असे गृहीत धरण्याऐवजी, ‘मोजणी चुकली तरी हा नियम तग धरील काय?’ असे ते विचारू लागले. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने १९९४ साली मान्य केलेली पद्धत अशीच कसाला लावलेली होती. संगणकातील काल्पनिक समुद्रात, सदोष आकडे मुद्दाम पुरवून, शंभर वर्षांपर्यंत तिची परीक्षा घेण्यात आली होती.

भारताची अडचण आणखी वेगळी. थंड समुद्रातील माशाच्या कानातील हाडावर झाडाच्या खोडासारखी वार्षिक वलये उमटतात. आपल्या उष्ण पाण्यात ती तितकी स्पष्ट नसतात. तेव्हा वयाऐवजी लांबीवरून वाढ ओळखणाऱ्या आज्ञावली १९८०च्या दशकात तयार झाल्या आणि भारतीय संशोधकांनी त्या आपल्याशा केल्या. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे कर्मचारी बंदरोबंदरी उतरलेल्या मासळीची नोंद करतात, तिची लांबी मोजतात. संगणकात जे काही शिरते, ते अखेर बंदरावरच्या अशा मोजपट्टीतून.

महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला, २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले आणि २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. परंतु सन्मानाने मासा वाढत नाही. अंडी घालण्यापूर्वीच तो टोपलीत आला, तर पुढच्या हंगामाचे बीजच संपते. दुसऱ्या बाजूस, लहान मासळी आज सोडून देण्याची झळ लहान होडीवाल्याला त्याच दिवशी बसते. लाभ मात्र वर्षांनी येतो, आणि तो त्याच्याच जाळ्यात येईल याची हमी कोणतीही आज्ञावली देत नाही.

नियमाचे परिणाम गणित आधी दाखवू शकते. त्याचा भार कोणी किती उचलावा, हे ठरवण्याचे काम समाजाचे आणि शासनाचेच राहते. नारळी पौर्णिमेची प्रथा टिकली, कारण साऱ्या वाडीने ती एकाच वेळी पाळली. कोणाची होडी गुपचूप पुढे गेली नाही. संगणकाने सुचवलेल्या नियमालाही दर्यावर मान मिळायचा असेल, तर लहान होडीपासून मोठ्या नौकेपर्यंत साऱ्यांनाच तो सारखा लागू झाला पाहिजे.